काच पुसल्याची खूण

वेधशाळेत सगळे त्यांना ऊनकाका म्हणत. गच्चीवर ऊन मोजायचं यंत्र होतं, त्याच्यावर वाटीएवढी काचेची टोपी. सूर्य उगवायच्या आत ती मऊ कापडाने पुसायची आणि वहीत तारखेपुढे खूण करायची. काच धुळकट राहिली की ऊन कमी भरतं. "देव एवढं ऊन देतो, आपण निदान काच तरी पुसावी," असं काका म्हणायचे.

निवृत्तीला आठवडा उरला होता, तेव्हा एक संशोधक मुलगी आली. या जागी किती ऊन पडतं याचा अंदाज तिने संगणकावर बांधला होता. तो काकांच्या सव्वीस वर्षांच्या आकड्यांशी ताडून पाहायचा होता.

"तुमच्याशी जुळलं तर मी पास, काका!"

"आणि नाही जुळलं तर मी नापास का गं?" काका हसले. आपल्या कामाचं कुणीतरी चीज करतंय, याने त्यांना बरं वाटलं होतं.

चौथ्या दिवशी ती वही घेऊन आली. "सगळं छान जुळतंय. फक्त एका वर्षी अकरा महिने तुमचं ऊन कमी भरतंय. ढग नव्हते. काच तर रोज पुसलीय, खुणा आहेत. म्हणजे माझंच चुकलं. गणित बदलते."

काकांनी वही जवळ ओढून तारखा पाहिल्या. ते काकूंच्या दुखण्याचं वर्ष. त्यांचं अंग पुसून, त्यांना दोन घास भरवून निघेपर्यंत ऊन वर आलेलं असायचं. जिना चढायचं त्राण नसायचं. खुणा मात्र टेबलाशी बसून व्हायच्या.

गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? पण वरच्याला सगळं दिसतं.

"पोरी, गणित बदलू नकोस. तुझी काकू अंथरुणाला खिळली होती, काच पुसतच नव्हतो मी. त्या खुणा खोट्या आहेत."

तिने वहीची पानं पुढे-मागे उलटून पाहिली. "मग बाकीच्या?"

"खऱ्या आहेत. पण आता माझ्यावर विश्वास कसा ठेवशील?"

"त्या जुळतात, काका," ती हळूच म्हणाली. "ही पानं मात्र वगळावी लागतील. कारण काय लिहू? घरात आजारपण?"

"नको गं. तिला कशाला बोल? काच पुसली नाही, एवढंच लिही."

पट्टी घेऊन काकांनी स्वतःच पानापानावर रेघ मारायला घेतली. त्यातले दहा महिने काकू होत्या, हाक मारली की ओ देत होत्या. अकराव्या महिन्याच्या पानावर रेघ वाकडी जायला लागली. मुलीने पट्टी काढून घेतली नाही, नुसतं तिचं दुसरं टोक धरून ठेवलं.