हळदीच्या सहा बाटल्या

समजा, तुमच्यापुढं पाण्याचं भांडं आहे आणि चिमटीत हळदीतला शुद्ध पिवळा अंश. काम एवढंच, की तो अंश पाण्यात उतरवायचा. ढवळून बघा, गरम करून बघा. थोड्या वेळानं तो गाळासारखा तळाशी बसलेला दिसेल. पाण्याशी त्याचं जमतच नाही. आणि आपलं रक्त म्हणजे बरंचसं पाणीच. आता हाच अंश रक्तातून न्यायचा, वाटेत सांडू द्यायचा नाही आणि नेमक्या आजारी पेशीच्या दारात सोडायचा. त्यासाठी त्याची पुडी बांधावी म्हणाल, तर पुडी हवी केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी. तिथं बोटं पोचत नाहीत, चिमटा पोचत नाही. कशी बांधाल?

धारूरच्या शिवांजलीनं या प्रश्नाला चार वर्षं दिली होती. उत्तर ऐकायला सोपं आहे. आपण बांधायचीच नाही. पुडीनं स्वतःच स्वतःला बांधून घ्यायचं.

शिवांजलीचे वडील मन्मथप्पा यांचं धारूरच्या बाजारात किराणा दुकान होतं, आणि पुडी बांधण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. आढ्याला टांगलेल्या रिळातून दोरा खाली यायचा. कागदावर धने पडायचे, चार घड्या, दोन वेढे, आणि शेवटी अशी गाठ की पिशवीत कितीही आदळली तरी सुटणार नाही, पण घरी गेल्यावर बाईनं एक टोक ओढलं की झटक्यात मोकळी. २००३ सालापर्यंत मात्र दुकानाच्या दारात शाम्पूच्या, मसाल्याच्या, चहाच्या चकचकीत पाकिटांच्या माळा लोंबू लागल्या होत्या. ती पाकिटं दातांनी फाडावी लागत. "ह्ये काय बांधनं हाय?" मन्मथप्पा म्हणायचे. "सोडता येत न्हाई ती पुडी कसली?"

शिवांजली फार्मसी शिकली आणि घरापासून एसटीनं तासाभरावर निघालेल्या एका नव्या विनाअनुदानित कॉलेजात शिकवायला लागली. शिकवून उरलेल्या वेळात पीएच.डी. चालू होती. एक लांब रेणू घ्यायचा, दोऱ्यासारखा. त्याचं अर्धं अंग पाण्याला जवळ करणारं, अर्धं पाण्यापासून पळणारं. असे दोरे आणि हळदीचा अंश ॲसिटोनमध्ये विरघळवायचे आणि ते थेंबथेंब पाण्यात सोडायचे. चैत्रातल्या उन्हात मेंढ्या जशा डोकी आत घालून, पाठी बाहेर करून गोल उभ्या राहतात, तसे ते दोरे पाण्यात गोळा होतात. पाण्याला भिणारी अंगं आत, पाणी सोसणारी बाहेर. हळदीचा अंशही पाण्याला भिणाराच, तो आपसूक मधोमध जाऊन बसतो. ॲसिटोन उडून जातं. उरतं ते स्वच्छ पिवळं पाणी, तळाशी कण नाही. पुढंमागं कर्करोगावरची महागडी औषधं, कदाचित एखाद्या जनुकाचा तुकडासुद्धा, अशाच पुडीतून नेता येईल, या आशेवर जगभर माणसं कामाला लागली होती. शिवांजलीनं हळद घेतली, कारण ती स्वस्त होती आणि चुकली की डोळ्यांना दिसत होती.

२००३च्या मार्चमध्ये तिच्या कामाची कसोटी होती. पुड्या महिनाभर तशाच टिकतात, फुगत नाहीत, एकमेकींना चिकटत नाहीत, हे आकडे विद्यापीठाच्या समितीला महिनाअखेर दाखवायचे होते. नाही दाखवले तर विषय बदला, म्हणजे चार वर्षं पाण्यात. पुड्यांची मापं घेणारं यंत्र पुण्यात. चार महिने पत्रं पाठवल्यावर त्यावर तिला अर्धा दिवस मिळाला होता. शनिवार, सकाळी अकरा. तो गेला तर पुढचा जूननंतर.

तिनं सहा बाटल्या तयार केल्या. चार नुसत्या पाण्यातल्या. उरलेल्या दोनमध्ये साखर घातली. नुसतं पाणी शिरेतून गेलं तर रक्तातल्या पेशी फुगून फुटतात, म्हणून औषधाचं पाणी रक्ताला मानवेल असं करावं लागतं, आणि साखरेनं ते होतं. कॉलेजातली शुद्ध साखर संपलेली होती आणि औरंगाबादहून यायला पंधरा दिवस लागले असते. तेव्हा तिनं दुकानातली खडीसाखर आणली, विरघळवली, गाळली, पुन्हा स्फटिक पाडले, असं तीनदा केलं. आपलं हे काम तिला थोडं ओशाळवाणंच वाटत होतं. त्या दोन बाटल्यांचा तिला फारसा भरवसा नव्हता.

कॉलेजचा फ्रिज बंद पडलेला. म्हणून महिनाभर सहाही बाटल्या मन्मथप्पांच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये, थंड पेयांच्या मागच्या फळीवर राहिल्या. "अप्पा, ह्या थंड राहू द्या," एवढंच ती म्हणाली होती.

शुक्रवारी सकाळी नऊच्या बसनं निघायचं होतं. सात वाजता तिनं थर्मास धुतला, फ्रिज उघडला, तर फळी रिकामी.

"अप्पा, बाटल्या कुठं हायत?"

"वर, बर्फाच्या खान्यात," मन्मथप्पा कपाळाला भस्म लावत म्हणाले. आवाजात समाधान होतं. "बुधवारी तू कॉलेजात गेलती तवा सहा घंटे लाइट न्हवती. लाइट आली की आदी त्या उचलल्या अन् बर्फात घातल्या."

शिवांजलीनं वरचा कप्पा ओढला. सहा बाटल्या, पिवळ्या खड्यांसारख्या गोठलेल्या.

"कावून घातल्या?" तिचा आवाज चढला. "मी थंड ठेवा म्हनले होते. गोठवा म्हनले होते का?"

"मंग? छबुबाई सिस्टर पोलिओचे डोस आपल्याकडं ठेवायची, तवा काय बजावून जायची? बर्फातून काडू नका, गरम झाली की दवा मेली. सात वर्सं राखली मी ती दवा. एक डोस वाया गेला न्हाई."

"ही पोलिओची दवा न्हाई, अप्पा! ही गोठली की मरती!"

मन्मथप्पांचा हात कपाळाशीच थांबला. मग ते सावकाश म्हणाले, "मला काय म्हाईत? कशाची हाय, ते तू कदी सांगितलंस?"

आतून मल्लम्मा, शिवांजलीची आई, पदराला हात पुसत आली. "काय चाललंय सकाळच्या पारी?"

"माझी हळद मेली," शिवांजली म्हणाली आणि तिथंच साखरेच्या पोत्यावर बसली.

"मसनात जाऊ दे ती हळद," मल्लम्मा म्हणाली. "डबाभर हळद हाय घरात. घेऊन जा."

हसावं की रडावं हे शिवांजलीला कळेना. तिनं बाटल्या पातेल्यातल्या पाण्यात ठेवल्या. पहिली वितळली. पाण्याचा स्वच्छपणा गेला होता, त्यात पिवळ्या कवड्या कवड्या तरंगत होत्या, दूध नासावं तशा. दुसरी तशीच. तिसरी, चौथी तशीच. चार वर्षांचं काम तिच्या डोळ्यांदेखत तळाशी बसत होतं. पुण्याला फोन करून येत नाही म्हणून कळवावं, असं मनात आलं.

"ह्या दोन बग की," मन्मथप्पा वाकून म्हणाले.

पाचवी आणि सहावी वितळली होती. शिवांजलीनं एक उचलली, हलवली, उजेडाकडं धरली. पाणी स्वच्छ होतं. तिला खरं वाटेना. तिनं दुकानातली बॅटरी आणून झोत आरपार सोडला. पिवळ्या पाण्यातून झोताची धूसर, सरळ रेघ गेली, बारीक पुड्या पाण्यात पसरलेल्या असल्या की दिसते तशी. कण नाही, कवडी नाही. झाकणावर तिच्याच अक्षरात एक खूण होती, साखरेची.

मग हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला. पाणी गोठतं तेव्हा बर्फाचे स्फटिक वाढत जातात आणि मधल्या पुड्यांना रेटत, चिरडत एका कोपऱ्यात कोंबतात. साखर गोठत नाही तशी. ती काचेसारखी घट्ट होऊन प्रत्येक पुडीभोवती राहते. कासार बांगड्या पेंढ्यात घालून घाटातून नेतो, एकही टिचत नाही, तसं. हे तिनं कुठंतरी वाचलंही होतं, दुसऱ्यांच्या दुसऱ्या कुठल्या औषधाबद्दल. आपल्या बाटलीत ते होईल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पण डोळ्यांना स्वच्छ दिसलं म्हणजे पुड्या शाबूत आहेत असं नाही. ते यंत्रच सांगणार. तिनं त्या दोन आणि नासलेल्यांपैकी एक अशा तीन बाटल्या थर्मासमध्ये भरल्या.

स्टँडपर्यंत थर्मास मन्मथप्पांनी धरला, दोन्ही हातांनी, पोटाशी. वाटेत कुणी "काय अप्पा, चहा कुनाला?" विचारलं तरी ते थांबले नाहीत. बस यायची होती. बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "आता तरी सांग. कशाची हाय दवा?"

शिवांजलीला पहिल्यांदाच जाणवलं, की चार वर्षांत तिनं हे औरंगाबादच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं, कॉलेजातल्या मुलांना सांगितलं, समितीला सांगितलं, पण घरात एकदाही नाही. त्यांना काय कळणार, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. मग तिनं सांगितलं. दोरे सांगितले, मेंढ्या सांगितल्या, आपली आपण बांधली जाणारी पुडी सांगितली.

मन्मथप्पांनी थर्मास मांडीवर नीट उभा धरला. मग म्हणाले, "बांधती ते समजलं. सोडतं कोन?"

"पेशीच्या आत एक आंबट जागा असती, अप्पा. दोरा असा करायचा, की आंबट लागलं की तो ढिला पडावा."

"आंबट तर पोटातबी असतंय."

"ही शिरेतून जायची. पोटात न्हाई."

"बरं. पन शिरेतून जाताना वाटंत कुटं आंबट लागलं तर? गळू होतंय, सूज येती, तिथं आंबट नसतं का? दुसऱ्याच्याच दारात सुटली म्हंजे?"

शिवांजलीनं त्यांच्याकडं बघितलं. हाच प्रश्न गेल्या वर्षी समितीतल्या एका प्राध्यापकांनी तिला विचारला होता आणि ती अडखळली होती. तोंड उघडणार तोच बस आली. मन्मथप्पांनी थर्मास खिडकीतून आत दिला. "आदळू देऊ नको," ते म्हणाले. मग जरा थांबून, "चूक झाली बग माजी."

"मी नीट सांगितलं न्हाई, अप्पा," ती म्हणाली. बस सुटली.

पुण्यातल्या यंत्रावर धर्मराज नावाचा तंत्रज्ञ होता, गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याचा. बीड जिल्ह्याचं माणूस आलं म्हणून त्यानं आधी चहा मागवला. मग नासलेली बाटली उजेडात धरली.

"मॅडम, हे काय, झुणका आणलात का?"

"आधी तोच मोजा," शिवांजली म्हणाली.

यंत्रानं तीन वेळा तीन वेगळे आकडे दिले आणि मग हात टेकले. धर्मराजनं साखरेची बाटली लावली. प्रकाशाची तिरीप पाण्यातून जात होती, पडद्यावर आलेखाची एक टेकडी उमटत होती. याच कृतीच्या, न गोठवलेल्या पुड्यांचं गेल्या वर्षी इथंच घेतलेलं माप होतं चौऱ्याऐंशी नॅनोमीटर. पडद्यावर आलं अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या बाटलीचं एकोणनव्वद.

"जवळपास तेवढंच हाय की," धर्मराज म्हणाला. "गोठवलं कुणी?"

"वडिलांनी."

"शास्त्रज्ञ हायत का?"

"किराणा दुकान हाय. धारूरला."

तो हसला. तिला वाटलं तो थट्टा करील, पण त्यानं पुन्हा तीनदा मोजून दिलं.

बाहेर टेलिफोन बूथवरून तिनं औरंगाबादच्या सरांना फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. महिनाभर टिकल्याचे आकडे नुसत्या पाण्यातल्या बाटल्यांचे नाहीत, त्या गेल्या, हेही सांगितलं. सरांनी दोन्ही आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाले, "झालं तसं लिहा. साखर वाचवते हे लोकांना माहीत आहे, तुमच्या दोऱ्याबाबत कुणालाच माहीत नाही. समितीला हेच दाखवू. पण एकदा झालं म्हणजे झालं असं नाही. दहा वेळा मुद्दाम गोठवा."

समितीनं विषय राहू दिला, सहा महिन्यांच्या बोलीवर. त्या सहा महिन्यांत दुकानातल्या बर्फाच्या कप्प्यात कितीतरी बाटल्या गेल्या आणि आल्या. साखर थोडी, साखर जास्त, साखरच नाही. मल्लम्मा कुरकुरायची, की लिंबाच्या सरबताला बर्फ मिळत नाही. मन्मथप्पांनी कप्प्यावर कागद चिकटवला होता, 'इचारल्याबिगर हात लावू नये', आणि तो पहिल्यांदा स्वतःलाच वाचून दाखवला होता.

शिवांजलीच्या प्रयोगवहीत त्या पहिल्या दिवसाची नोंद अजून आहे. नमुने सहा. ठिकाण, दुकानातला फ्रिज, बर्फाचा कप्पा. कालावधी, दोन दिवस. गोठवणारे, मन्मथप्पा. कारण, दवा मरू नये म्हणून.

संध्याकाळी कॉलेजातून आली की ती गल्ल्यामागच्या स्टुलावर बसते. समोर मन्मथप्पा पुडी बांधतात. चार घड्या, दोन वेढे, गाठ. गिऱ्हाईक पुडी पिशवीत टाकतं आणि बाजारात मिसळून जातं. वाटेत ती पुडी दहा जणांना घासेल, स्टँडवर आपटेल, चार उंबऱ्यांवरून जाईल आणि एकाच घरात सुटेल. तिथं टोक ओढणारा एक हात आहे. शिवांजलीच्या पुडीला असा हात नाही. बांधायचं त्या पुडीनं आपलं आपण शिकून घेतलं, बर्फातूनही ती परत आली. पण अंगातल्या हजार दारांपुढून जाताना, आपलं दार हेच, इथंच सुटायचं, हे तिला कळणार कशावरून?