उभ्या धोंड्यावरचं आभाळ

आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, हात धुवायच्या नळाच्या वर एक कॅलेंडर लावलेलं होतं. त्यातल्या एका महिन्याच्या पानावर वाळवंटातले तांबडे खडक होते आणि त्यांच्या डोक्यावर आकाशगंगा, पीठ सांडल्यासारखी. त्या महिन्यात जेवण झालं की मी नळापाशी रेंगाळायची.

मी नवलाख उंबऱ्याला तपासणी विभागात काम करते. पांढऱ्याफेक ट्यूबखाली चकचकीत पार्ट फिरवून बघायचा, ओरखडा दिसला की बाजूला टाकायचा. बावीस वर्षं हेच. एकदा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हटलं, "असे खडक आपल्या मावळातही आहेत की." ती हात पुसत म्हणाली, "खडक आहेत गं. पण एवढे तारे कुठून आणशील?"

तिचंही खरं होतं. बेगडेवाडीला आमच्या गच्चीवर उभं राहिलं तर एका अंगाला तळेगाव, दुसऱ्या अंगाला उर्शाच्या टोलनाक्याचे दिवे. आभाळ रात्रभर फिकट नारिंगी. चांदण्या मोजायच्या म्हटल्या तर दोन्ही हातांची बोटं पुरायची.

पण ते पान डोक्यातून जाईना. शेवटी तळेगावच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून त्याचा जुना कॅमेरा घेतला. नवरा म्हणाला, "लोक चाळिशीत चष्मा घेतात, तू कॅमेरा घेतलास." चिडला मात्र नाही. रोज रात्री मी मोबाइलवर बघून बघून शिकले. कॅमेरा तिवईवर पक्का बसवायचा, वीस-वीस सेकंद उघडा ठेवायचा आणि तेवढा वेळ त्याला कुणी धक्का लावायचा नाही.

जागा मला ठाऊक होती. पवन मावळात एका लग्नाला जाताना पठाराच्या कडेला एक काळा खडक पाहिला होता. आजूबाजूला सपाट कातळ आणि मधेच हा दोन मजले उंच, सरळ. तिथले लोक त्याला उभा धोंडा म्हणतात. दिवाळीच्या आधीच्या अंधाऱ्या पंधरवड्यात दिवेलागणीनंतर तासाभराने आकाशगंगा बरोबर त्याच्या माथ्यावर येते, असा मी हिशोब केला होता. म्हणजे रात्री-अपरात्री फिरायचीही गरज नव्हती.

पहिल्या दिवशी पहिली पाळी करून स्कूटीवरून गेले. सोमाटणे फाटा, मग पवनानगरचा रस्ता, मग चढण. पोचले तेव्हा सूर्य मावळत होता आणि धोंडा अगदी मनासारखा उभा होता. कॅमेरा लावला, अंधाराची वाट बघत बसले. तेवढ्यात खालच्या घराजवळच्या खांबावर फटकन फोकस लागला. अंगण, गोठा, उतार, धोंडा, सगळं पिवळं झालं.

"कोन हाय तितं?" खालून एका बाईचा आवाज आला.

"मी बेगडेवाडीची, मावशी. फोटो काढायला आलेय. ह्या धोंड्याचा."

"अंधारात? दिवसा काय त्यो पळून जातो व्हय?"

मी खाली उतरले. साठी ओलांडलेल्या, किडकिडीत, कमरेला पदर खोचलेल्या मावशी गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. एकट्याच राहायच्या. मुलगा पिंपरीला कामाला होता. मी त्यांना कॅमेऱ्यातलं सगळं समजावलं आणि भीत भीत विचारलं, "दहा मिनिटं हा फोकस बंद करता येईल का?"

त्यांचा चेहरा बदलला. "न्हाई. त्यो न्हाई बंद व्हायचा."

मग मला गोठ्यात नेऊन एक रिकामी खुंटी दाखवली. "हितं माझी कालवड असायची. आखाडात बिबट्यानं न्येली. मी आत झोपलेवते, मला आवाजसुदिक आला न्हाई. सकाळच्याला बगते तर नुसतं तुटकं दावं. लेकानं दुसऱ्याच दिशी फोकस लावून दिला. तवापासून जरा डोळा लागतो."

मला स्वतःचीच लाज वाटली. माझ्या फोटोपायी मी त्यांची झोप मागत होते. वर जाऊन तिवई मिटली. मावशींनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. खाली उतरण्याआधी फोकसच्या उजेडातच काढलेले दोन फोटो घरी पाहिले तर धोंडा लग्नाच्या मांडवासारखा पिवळा दिसत होता.

वसुबारसेला मी पुन्हा गेले. कॅमेरा डिकीत होता, पण काही मागायचं नाही असं ठरवलं होतं. घरून थोडी गवार नेली होती. मावशींनी गाईच्या कपाळाला नुकतंच कुंकू लावलं होतं. मला बघून म्हणाल्या, "आनलास का त्यो डबा तुजा?"

"आणलाय. पण राहू द्या मावशी."

"आगं, मी लेकाला फोन केलता. त्यो म्हनला, थोडा टाइम बंद केला तर काय व्हत न्हाई, पर गोठ्यात मानसं जागी पायजेत. मी एकली न्हाई बसायची अंधारात. तू बसशील का माज्यासंगं?"

"बसेन की. कॅमेरा लावून दिला की तो आपला आपण काढत राहतो."

अंधार पडल्यावर मी वर जाऊन सगळं लावलं आणि बॅटरीच्या उजेडात खाली आले. गोठ्याच्या दारात पोतं अंथरलेलं होतं. मावशींच्या हातात काठी, माझ्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि पळी. काही खुट्ट झालं तर वाजवायचा. मावशींनी बटण दाबलं.

सुरुवातीला काहीच दिसेना. पाठीमागे गाईचा श्वास ऐकू येत होता. मग हळूहळू डोळे सरावले. आधी पठाराची कड दिसली, मग धोंडा, मग त्याच्या मागून वर चढत गेलेला धुरकट पट्टा. मोबाइलमध्ये शेकडो वेळा पाहिला होता तोच, पण हा खरा होता आणि कसला मोठा होता!

"आगं बया," मावशी पुटपुटल्या. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वळवलं. "त्यो बग इचू. त्यो आकडा दिसतो ना, ती त्येची नांगी."

धोंड्याच्या उजव्या अंगाला खरोखरच चांदण्यांचा एक आकडा होता.

"मी नवी नवरी म्हनून आले, तवा आमचं मामंजी हितंच बसायचं बग. म्हनायचं, इचू धोंड्याआड गेला की इळं पाजवायला घ्या, भात कापायला आला. आमी पोरीबाळी रोज संद्याकाळी बगायचो, गेला का, गेला का." मग हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, आता डोळं गेलं आपलं. म्हनून दिसत न्हाई."

त्यांच्या हातातली काठी कधीच खाली पडली होती. दहा मिनिटांचा अर्धा तास झाला. मावशी एकेक चांदणी दाखवत होत्या, काहींची नावं आठवत नव्हती म्हणून स्वतःवरच वैतागत होत्या. तेवढ्यात गवतात खसफस झाली. मी जीव खाऊन डबा बडवला, मावशी ओरडल्या, गाय दचकून उठली. फोकस लावून बघतो तर शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं, आमच्याकडे अचंब्याने बघत उभं! मावशी हसून हसून खाली बसल्या.

त्या दिवशीचे निम्म्याहून जास्त फोटो दवाने भिंगावर धुकं धरल्यामुळे वाया गेले. तीन चांगले आले. त्यातला एक आणि पहिल्या दिवशीचा एक पिवळा फोटो मी दुसऱ्या दिवशी नवऱ्याला शेजारी शेजारी दाखवले. तो पिवळ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "पण फोकस वर कशाला मारतोय? बिबट्या काय आभाळातून येणार आहे?"

पुढच्या रविवारी तो माझ्याबरोबर आला. मावशींकडचा तोच तेलाचा डबा पत्रा कापायच्या कात्रीने उभा चिरला, ठोकून त्याची टोपी केली आणि फोकसवर बसवून तोंड खाली वळवलं. आता उजेड गोठ्यावर आणि अंगणातच पडतो, उलट पहिल्यापेक्षा जास्तच. उतार आणि धोंडा अंधारात राहतात. मावशी अंगणाच्या बांधापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "हे बेस झालं." महिन्याभराने शेजारच्या वस्तीवरच्या आबांनीही आपल्या फोकसला तशीच टोपी करून घेतली.

गेल्या ऑक्टोबरात मी पुन्हा गेले, तेव्हा गोठ्यात नवी कालवड होती. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून तयार बसल्या होत्या. "मलाबी उबी कर धोंड्याम्होरं," म्हणाल्या.

"वीस सेकंद अजिबात हलायचं नाही बरं का."

"शाळंत उबी करतात तशी?"

"तशीच."

अंधारात त्या धोंड्याच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं. पाच-सात सेकंदांनी तिकडून आवाज आला, "श्वास घेऊ का न्हाई?"

"घ्या मावशी, घ्या!"

बरोबर मधेच खालून कालवड हंबरली. फोटोत मावशींचे पाय, लुगड्याचा घोळ, कमरेवरचा हात सगळं स्पष्ट आहे. वर आकाशगंगा स्वच्छ आहे. चेहरे मात्र दोन आलेत, पुसटसे. एक कॅमेऱ्याकडे, एक गोठ्याकडे.

"पुन्हा काढूया," मी म्हटलं.

"आसू दे," त्या म्हणाल्या. "वासरू हाक मारतंय म्हनल्यावर मानूस वळनारच की."

तो फोटो मोठा करून मी त्यांना नेऊन दिला. आल्यागेल्याला त्या तो दाखवतात आणि त्यात विंचू शोधायला लावतात. चैत्रात पहाटे हीच आकाशगंगा धोंड्याच्या दुसऱ्या अंगाने उगवते, हेही मी त्यांना सांगितलंय. त्या म्हणाल्या, "मग मुक्कामालाच ये. नवऱ्यालाबी आन."