काठ बदलला तरी

जगातली सगळी माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात, आमचे काकाजी मात्र कापडावरून ओळखतात. काकाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. भंडाऱ्यात त्यांचं हातमागाच्या लुगड्यांचं दुकान. समोर कोणीही येवो, नमस्काराच्या आधी त्यांचा हात पुढे जातो आणि त्या माणसाच्या बाहीचं नाहीतर पदराचं टोक दोन बोटांच्या चिमटीत येतं. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडले, तेव्हा आशीर्वादाआधी माझा शालू चिमटीत धरून त्यांनी भर मांडवात जाहीर केलं होतं, "मिलावट आहे बापा यात!" माझ्या माहेरची मंडळी जेवायला बसेनात. वरठीच्या स्टेशनात तिकीट तपासनिसाने तिकीट मागितलं, तर यांनी त्याच्या कोटाचं अस्तर चाचपून शिंप्याने त्याला कसं बुडवलं ते समजावून सांगितलं. तिकीट होतं खिशात, पण ते दाखवायची पाळीच आली नाही.

बाजाराच्या दिवशी गाठोडं स्कूटरला बांधून ते साकोलीला जात, नाकाडोंगरीला जात आणि येताना हमखास सर्दीताप घेऊन येत. त्याचीही त्यांनी प्रतवारी लावली होती. साकोलीचा ताप कोरडा, नाकाडोंगरीचा ओला. तो ताप मग काकीजींना होई. काकीजींची छाती आधीच नाजूक, पण नवऱ्याने आणलेली कोणतीही वस्तू त्यांनी कधी परत पाठवली नाही.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून एकदा त्यांनी मला धारेवर धरलं. "सूनबाई, फ्लू दरसाल येते. मागच्या साली येऊन गेलेला चोर शरीराले ओळखू येत नाई का? काहून?"

मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. फ्लूचा विषाणू दरवर्षी काठ बदलतो. आपल्या रक्तातल्या अँटिबॉडीज काठ बघतात आणि फसतात. पण टी पेशी नावाचे दुसरे पहारेकरी असतात, ते आतलं पोत बघतात. ते सहसा फार बदलत नाही.

"म्हणजे माह्यासारख्याच!" काकाजी हरखले. त्या दिवसापासून टी पेशी आमच्या नात्यात आल्या. गिऱ्हाइकाला लुगडं दाखवता दाखवता ते टी पेशींचं कौतुक सांगत. मी पुढे हेही बजावलं होतं की, पोतातलाही एखादा धागा बदलतो आणि तेव्हा काही टी पेशीही चुकतात. शिवाय त्या ताप येऊच देत नाहीत असं नाही, तो वाढू न द्यायला मदत करतात, तेव्हा दरवर्षीची लस घ्यावीच. पण एवढा भाग काकाजींनी सोयीस्करपणे ऐकलाच नाही. उलट छाती काढून म्हणायचे, "हिच्या टी पेशी म्या तयार केल्या. दरसाल बाजारातून ताप कोण आणून देते?" आणि त्या वर्षी दोघांचीही लस टाळली. "लस काठ पायते. आपल्या घरी पोतवाले आहेत."

त्याच वर्षी फ्लूने काकीजींना गाठलं. छाती भरली, दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावावा लागला. तापात त्या कोणाला ओळखेनात. मला बहिणीच्या नावाने हाक मारत, पोटच्या मुलाला डॉक्टर म्हणत. काकाजी बाहेर बाकावर हात मांडीत घेऊन बसले होते. शेजारी एकाचा झकास खादीचा सदरा होता, त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा मी खरी घाबरले.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "या बारीनं त्यानं पोतच बदललं असन तं?"

"सगळं पोत एकदम नाही बदलत, काकाजी. एक धागा बदलला की त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या पेशी चुकतात. पण बाकीच्यांची नजर दुसऱ्या धाग्यांवर असते. कोणीतरी ओळखतंच."

हे खरंच होतं. पण काकीजींच्या बाबतीत तेवढं पुरेल का, हे मलाही ठाऊक नव्हतं.

दुपारी आम्हाला आत सोडलं. मास्क, टोपी, हिरवा गाऊन अशा अवतारात काकाजी मलासुद्धा ओळखू येईनात. "मी आलो," एवढं म्हणतानाही त्यांचा आवाज फाटला. काकीजींनी एकदा पाहिलं, परक्या माणसाकडे पाहावं तसं, आणि डोळे मिटून घेतले. काकाजी पलंगाशी सरकले. त्यांचा हात जन्माच्या सवयीने पुढे गेला आणि चादरीचं टोक चिमटीत आलं.

मिटल्या डोळ्यांनीच काकीजी पुटपुटल्या, "चादरीले कायले चिमटे घेऊन राहिले जी? दवाखान्याची आहे ते."

काकाजी मास्कच्या आत हमसाहमशी रडले. मीही रडले, लाजले नाही.

हळूहळू ताप उतरला. त्यात औषधांचा वाटा किती आणि त्या पेशींचा किती, कोण सांगणार? आता मोसमाच्या आधी दोघं जोडीने लस घेतात. काकाजी टोचून घेताना नर्सच्या एप्रनचं कापड तपासतात. काकीजी फार वाळल्या आहेत, काकाजींच्या हातात काठी आली आहे. परवा मी चिडवलं, "काकाजी, आता तरी ही चिमटी सोडा."

त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नाई सोडत. आता आमचे दोघाइचे काठ बदलत चालले, सूनबाई. हिले मले ओळखाले एवढं तं ठेवाच लागन."