लिव्होर्नो बंदरातली निःशस्त्र बाई

इटलीतल्या लिव्होर्नोच्या गास्पेरो सुताराने जन्मभर चर्चची बाकं कोरली. आपल्या हातचं काहीतरी समुद्रावर जावं ही त्याची जुनी हौस. पण बाकं कुठे जात नाहीत. त्यामुळे इंग्रज-फ्रेंचांच्या युद्धात एक फ्रेंच जहाज मार खाऊन बंदरात आसऱ्याला आलं, तेव्हा गावात आनंद फक्त त्यालाच झाला. हे जहाज राजाचा परवाना घेऊन इंग्रजांचा माल लुटायचं. जहाजाच्या नाकाडावर शोभेला बसवलेल्या लाकडी बाईचा उजवा हात तोफेच्या गोळ्याने गेला होता.

गास्पेरोने नवा हात कोरून बसवला. मुठीला भोक पाडून त्यात लाकडी तलवार खोचली, पूर्वी होती तशीच.

लगेच इंग्रजांचे बंदरातले प्रतिनिधी गव्हर्नरसाहेबांपुढे हजर. "तटस्थ बंदरात डागडुजी चालेल. इथे शस्त्रं वाढवताहेत!"

"साहेब, लाकडाची आहे हो ती," गास्पेरो म्हणाला.

"जहाजही लाकडाचंच आहे," प्रतिनिधी म्हणाले.

गव्हर्नरसाहेबांनी हुकूम सोडला. तलवार उतरली.

फ्रेंच कप्तान भडकला. "रिकाम्या मुठीची बाई? अपशकुन! माझा एकही खलाशी चढायचा नाही. उद्या सकाळपर्यंत मुठीत काहीतरी दे, नाहीतर तुझा हात काढून ने."

गास्पेरोने मशाल सुचवली. प्रतिनिधी म्हणाले, आग लावायचं साधन. मग शांततेची खूण म्हणून ऑलिव्हची फांदी सुचवली. कप्तान म्हणाला, त्यापेक्षा मी शरण जातो.

गास्पेरो घरी येऊन बायकोच्या खानावळीत चुलीपाशी बसला. "ओर्सोला, हात जाणार चुलीत."

"माझ्या चुलीत नको. रंग दिलायस, धूर होईल." ती माशांचं कालवण ढवळत होती. "आणि असा बघू नकोस माझ्याकडे. लोक जेवताहेत."

तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या हातातल्या लांब लाकडी डावाकडे बघत होता.

सकाळी प्रतिनिधींनी मुठीतला डाव सगळीकडून न्याहाळला. "भरलेला की रिकामा?"

"रिकामा," गव्हर्नरसाहेबांनी ग्वाही दिली.

"मग हरकत नाही."

"पाठीत घालायला बरा आहे," कप्तान पुटपुटला आणि त्याने शिडं उभारली. डाव दिसेनासा होईपर्यंत गास्पेरो धक्क्यावरून हलला नाही.

शुक्रवारी प्रतिनिधी नेहमीप्रमाणे खानावळीत जेवायला आले. ओर्सोला त्याच लाकडी तलवारीने कालवण ढवळत होती. त्यांनी ते पाहिलं, थोडा विचार केला आणि पुन्हा वाढायला सांगितलं.

"आता कॉर्सिका बेट ओलांडलं असेल तिने," गास्पेरो खिडकीतून बघत म्हणाला.

"कुणी?" प्रतिनिधींनी घास खाली ठेवला. "तिच्याकडे काही शस्त्र नाही ना?"

"डाव आहे," ओर्सोला म्हणाली. "माझा."