मेथीचा काढा आणि भावजींचे पाय

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या नात्यातले नाही.

माझे थोरले दीर मला कधी आवडले नाहीत. आजही आवडत नाहीत. मी धारच्या एका दवाखान्यात नर्स. शुगरवाल्यांच्या पायांच्या जखमा धुण्यात माझी उमर गेली — आणि हे दीर भरल्या पंगतीत म्हणायचे, "सिस्टर को क्या पता, भिया? पट्ट्या बांधते ती!"

शुगर त्यांनाही होती. तळपायांची आग आग व्हायची. डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर मोबाइलवर वाचून सांगू लागले — हळदीत अमुक असतं, मेथीत तमुक, त्यानं नसा दुरुस्त होतात. काढा सुरू, गोळ्या बंद. मेथीशी माझं वैर नाही, असेलही तिच्यात गुण. वैर होतं ते त्यांच्याशी.

काही महिन्यांनी आग थांबली. काय तो तोरा! नवरात्रात देवासच्या टेकडीवर अनवाणी जाऊन देवीचे उपकार मानायचे, असं त्यांनी जाहीर केलं.

पण आग थांबली म्हणजे पाय बरा झाला का? नस मेली तरी आग थांबते. असे पाय मी रोज बघत होते.

देवाला निघालेल्याच्या पाया पडायचं, ही आमच्या घरची रीत. मी वाकले. आणि — कसं सांगू? — त्यांच्या अंगठ्यात नख रुतवलं. चांगलं जोर लावून. पाय जरासुद्धा हलला नाही. वरून आशीर्वाद आला, "अखंड सौभाग्यवती भव."

चपला घाला — एवढंच म्हणायचं होतं ना? मी उठले, पदर सारखा केला आणि म्हणाले, "जा भावजी, अनवाणीच जा. देवी पावलीय तुम्हाला."

टेकडीवरून ते टाचेत काच घेऊन आले. त्यांना पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी फरशीवर लाल डाग दिसले. मी ते पुसले. हो, पुसले — आणि गप्प राहिले.

आठवड्याभरात घरात वास सुटला. मग घोट्याच्या वर पाय कापला.

जाऊबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. "तुझं तेव्हाच ऐकायला हवं होतं गं!" मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुःख? नाही. माझंच खरं ठरलं, याचा मला आनंद झाला होता.