दामूकाकांची शेड आणि चार नंबरची भिंत

सकाळचे सव्वाअकरा. पालघरमधली एक सरकारी कचेरी. पंखा चालू, साहेब जागेवर नाहीत.

बातमी छापली की संपते, कचेरीतले किस्से मात्र साठत जातात. ऐंशीच्या दशकातल्या माझ्या साठ्यात निम्मे एकट्या दामूकाकांचे. काका तारापूरचे, किल्ल्यालगतच्या आळीतले. होडी मुलाकडे सोपवून त्यांनी जुनी फियाट घेतली आणि भाड्यानं चालवायला सुरुवात केली. आळीत गाडी ती एकच. अडलेल्या बाळंतिणीला बोईसरला न्यायचं, तर तीच. खारा वारा तिचा पत्रा खात होता. म्हणून अंगणात चार खांब, वर पत्रे, एवढीच शेड हवी होती. पण आळी पडली ऐतिहासिक, परवानगी आलीच.

"शेड भिंतीला टेकणार का?" कारकुनानं विचारलं.

"नाय सायेब. चार खांबांवर, सुटी."

त्यानं नकाशा उलटसुलट फिरवला. "सावली टेकते ना!" आणि तसा लेखी शेरा मारला.

काका म्हणाले, "मंग सूर्याला नोटीस काढा. तो रोज येतो, बिनपरवान्याचा."

*

ही कुठली भिंत, म्हणून मी बघायला गेलो. काकांच्या वडिलांनी किल्ल्याचे पडके दगड आणून संडासाला आडोसा केला होता. दगड जुने दिसले, म्हणून पाहणीवाल्यानं 'किल्ल्याची बाह्य भिंत, क्रमांक चार' अशी नोंद करून टाकलेली.

काकांच्या बायको हिराकाकी म्हणाल्या, "चाळीस वर्सं आमी इतिहासाच्या आड बसतोय, कुनी सांगितलंच नाय."

*

लग्नाच्या मांडवाला परवानगी लागत नाही, असं कारकून हळूच बोलून गेला. काकांनी मांडव घातला, तोरण बांधलं, खाली फियाट लावली. तिसऱ्या आठवड्यात इन्स्पेक्टर हजर.

"लग्न कोणाचं?"

"हिचं," काकांनी बॉनेटवर हात ठेवला.

"आणि नवरदेव?"

"बघतोय. तुमच्या सायबाची जीप मोकळीच हाय ना?"

मांडव त्याच दिवशी उतरला.

*

मी चिडून पहिल्या पानावर बातमी केली. दुसऱ्या दिवशी कचेरीतून फोन. म्हटलं, चला, जाग आली.

"तुमच्या बातमीत चूक आहे. भिंत पाच नंबरची नाही, चार नंबरची."

*

एका श्रावणात ती भिंत कोसळली. काका खुशीत. आता सावली पडणार कशावर? नवा अर्ज घेऊन आम्ही दोघं गेलो. कारकुनानं नोंदवही उघडली.

"भिंत सुस्थितीत आहे."

"पडली ओ. मीच दगड उचलले."

"पडल्याची नोंद नाही."

काका खाली गेले, डिकीतून एक दगड आणून टेबलावर ठेवला. "ही घ्या तुमची भिंत."

कारकुनानं हात मागे घेतला. "संरक्षित वास्तूचा भाग आहे. परत जागेवर नेऊन ठेवा."

*

पुढच्या वर्षी बाळंतिणीला घेऊन जाताना सरावलीजवळ फियाटचं मागचं दार निखळलं. काकांनी ते जाळ्याच्या दोरीनं बांधलं आणि बोईसर गाठलं. बाई सुखरूप, मुलगी झाली. दार मात्र परत बसलं नाही.

त्यानंतर सलग तीन वर्षं मी ती नोंदवही मागून पाहिली. दर वर्षी नवी तारीख, खाली तीच सही आणि तोच शेरा: 'समक्ष पाहणी केली. भिंत क्रमांक चार सुस्थितीत. शेडची परवानगी नाकारावी.'

ती सही कोणाची, हे मी तीनदा लेखी विचारलं आहे.