मच्छरदाण्या मोजणारी धाकटी जाऊ

मोजणीबाई पाच मिनिटं एका जागी टेकल्यात, असं आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नाही. चहासुद्धा उभ्यानं, आणि तोही दुसऱ्याच्या ओट्याशी. सरकारनं वस्तीत घरोघर मच्छरदाण्या वाटल्या होत्या. लोक त्या खरंच वापरतात का, हे दारोदार बघून तक्ता भरायचा, हे त्यांचं काम. आणि वाटल्या कुणी? त्यांच्याच थोरल्या जाऊबाईंनी! त्या कंत्राटी आरोग्यसेविका. आकडा चांगला आला तर नोकरी कायम, नाहीतर वर्षाअखेरीस घरी.

मोजणीबाई भारी भिडस्त. न सांगता कुणाच्या झोपायच्या खोलीत शिरायचं कसं? म्हणून आदल्या दिवशी निरोप धाडायच्या. गेल्या की शंभरातल्या ब्याण्णव घरांत मच्छरदाणी झोकात टांगलेली. साहेब खूश, जाऊबाई त्याहून खूश.

मग एकदा बाईंची दुसरीकडची बैठक रद्द झाली आणि त्या एक दिवस आधीच वस्तीत पोचल्या. पहिल्या घरी मच्छरदाणी कोंबड्यांच्या खुराड्यावर. दुसऱ्या घरी टोमॅटोच्या रोपांवर. तिसरीनं दार अर्धंच उघडलं.

"अगं बाई! तुमचं उद्या ना? मी अजून खिळेसुद्धा ठोकले नाहीत!"

बाईंनी ब्याण्णवचा तक्ता बाजूला ठेवला. पुढचे पंधरा दिवस कुणालाही न कळवता तीच शंभर घरं पुन्हा पालथी घातली. आकडा आला एकतीस.

आता सोमवारी तक्ता द्यायचा. रविवारी सकाळपासून बाई अंगणात येरझाऱ्या घालत होत्या. मला कुठलं राहवतंय! कुंपणावरून विचारलं, "काय हो, डास चावले का?"

"डास परवडले, काका. यातला कुठलाही आकडा लिहिला तरी झोप जाणार."

शेवटी तरातरा थोरल्या जावेकडे निघाल्या. मी भाजीच्या निमित्तानं मागोमाग. खोटं कशाला बोलू!

जाऊबाईंनी दोन्ही तक्ते वाचले. मग फणकारल्या, "माझ्या पोटावर पाय द्यायला घरचंच माणूस मिळालं?"

"जाऊबाई, ब्याण्णव लिहिलं तर हीच मच्छरदाणी आणखी हजार वस्त्यांत जाईल. आणि पोरं तापानं फणफणतच राहतील."

जाऊबाई उठल्या, आतल्या खोलीचा पडदा सर्रकन बाजूला केला. पलंग उघडाबोडका. मच्छरदाणी कपाटावर, घडीही न मोडलेली.

"घुसमटते गं मी आत. जाळी एवढी बारीक की वाऱ्याची झुळूकसुद्धा शिरत नाही. सगळ्या बायका हेच सांगतात. मी वर कळवलं नाही, नोकरीच्या भीतीनं."

"पण तक्त्यात 'का नाही' असा रकानाच नाही हो."

"मग मागच्या कोऱ्या बाजूला लिही. पहिलं घर माझं घाल, नावानिशी." आणि पेन जावेच्या हातात कोंबत म्हणाल्या, "बस आता खाली. उभ्यानं लिहिलंस तर तुझं अक्षर साहेबाला लागायचं नाही."

बाई बसल्या. एक पाय मात्र हलतच होता.